जानेवारीत फुल मॅरेथॉन, घरात दोन लहान मुलं. रविवार कुणाचा?

तिसरं_गेट

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवते.

मी बेळगावची, टिळकवाडीत राहते. नोकरी बँकेत, शाखा खानापूरच्या बाजूला, त्यामुळे रोजची बस. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत, पाळी बदलती. मुलगी पाच वर्षांची, यूकेजीत. मुलगा वीस महिन्यांचा, रात्री अजून अंगावर पितो. सासूबाई पोरांना जीव लावतात, पण गुडघ्यांनी त्यांना बेजार केलंय. मुलं व्हायच्या आधी मी हाफ पळत होते, साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून केलीय. आता जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला फुलसाठी नाव घातलंय. ४२.१९५ किलोमीटर, पहिल्यांदाच.

आठवड्यातले दिवस कसेतरी बसतात. साडेचारचा गजर उशीखाली, फक्त थरथरणारा. पोरगा माझ्या टी-शर्टचा काठ मुठीत धरून झोपतो. मूठ सोडवायला गेलं की जागा होतो, म्हणून टी-शर्टच अंगातून काढून त्याच्याजवळ ठेवते आणि अंधारात चाचपडत दुसरा घालते. बूट घरात घालत नाही, बाहेर तुळशीच्या कट्ट्यावर बसून नाड्या बांधते. फाटकाच्या कडीला खोबरेल लावून ठेवलंय, आवाज नको म्हणून. एवढं करूनही आतून हाक येतेच, "कुठं जाऊलालीस गे अंधारात?" रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. मग व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडांखालून सहा-आठ किलोमीटर, सव्वासहाला घरी, डबे, वेण्या, बस. सध्या नवरात्राची दौड आहे तर पहाटे रस्त्याला माणसं असतात. एरवी कुत्री.

घोडं अडतं ते रविवारी. लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, आता २० किलोमीटरवर आलाय. दिवाळीपर्यंत २६ आणि डिसेंबरात ३० ते ३२ करायचा असं माझ्या तक्त्यात आहे. माझा वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं, म्हणजे ३० ला पावणेचार तास. तेवढा वेळ पोरांना नवरा आणि सासूबाई बघतात, त्याची तक्रार नाही. प्रश्न घरी आल्यावरचा आहे. अंघोळ करते, आता पोरांबरोबर बसायचं म्हणून चटईवर बसते आणि तिथंच आडवी होते. मागच्या रविवारी जाग आली तर डाव्या पोटरीवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत स्केचपेनची फुलं. हिरवे देठ, जांभळ्या पाकळ्या, एकेक नीट रंगवलेली. म्हणजे पोरगी बराच वेळ माझ्याजवळ बसून होती आणि मला पत्ता नाही. शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, आई कुठं गेली? तर म्हणाली, "आई रविवारी झोपते." रागानं नाही, तक्रारीनं नाही. नुसती माहिती दिली.

ते मला लागलं.

त्यात आता दिवाळी येतेय. बेळगावकरांना सांगायला नको, दिवाळीआधीचा रविवार किल्ल्याचा. यंदा तिला राजहंसगडच करायचाय, कारण मागं येळ्ळूरला गेलो तेव्हा तिनं तो चढून बघितलाय. माती कुठून आणायची, तट कशाचा, मावळे कुठं उभे करायचे, सगळं ठरवून झालंय तिचं. आणि तोच माझा २६ चा रविवार.

ज्यांनी लहान मुलं असताना लांब पल्ल्याची तयारी केलीय त्यांनी सांगा, नक्की कसं बसवलं? "मुलं मोठी झाल्यावर पळ" हे मला घरबसल्या मिळतं, त्यासाठी इथं लिहायची गरज नाही.

जांबोटी_रस्ता

ताई, मी सायकलवाला, पळण्यातलं कळत नाही. पण दुखणं एकच.

मी खानापूरचा. ब्रेव्हे करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ठराविक वेळेत ठराविक अंतर, शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. चारही एका हंगामात केली की सुपर रँदोनर म्हणतात. मुलगा चार वर्षांचा आहे. गेली दोन वर्षं मी ६०० ला हात लावलेला नाही. ४० तास सायकलवर बसायला मी तयार आहे हो, पण त्याच्या आधीचा दिवस सामानाच्या नादात जातो आणि नंतरचे दोन दिवस मी घरात असून नसल्यासारखा. म्हणजे पाच दिवस. ते बायकोकडून मागायला तोंड होत नाही.

२०० मात्र सोडत नाही. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला उतरून परत चढायचं, संध्याकाळी अंगणात. बाकी सराव मागच्या सोप्यात. जुनी सायकल ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायचा स्टँड) लावलीय, रात्री पोरगा जेवला की बसतो. तो त्याची तीनचाकी शेजारी लावतो आणि मला ओव्हरटेक करतो. रोज करतो.

एक गोष्ट विचारू का, राग मानू नका. तुम्ही रविवारी चार तास घेता, तसे तुमचे यजमान आठवड्यात कधी घेतात? आमच्याकडे मी शनिवारी सायकल मारतो, तर बुधवारची संध्याकाळ बायकोची. ती बेळगावला मैत्रिणींकडे जाते की झोपा काढते, मी विचारत नाही. हे सुरू केल्यापासून सायकलवरून घरात वाद झालेला नाही. त्याआधी काय व्हायचं ते इथं लिहीत नाही.

तिसरं_गेट

@जांबोटी_रस्ता, राग कसला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते सकाळी लेले मैदानावर क्रिकेट खेळतात आणि त्याला "सराव" म्हणायची त्यांना कधी गरज पडली नाही. पण बोलते मी त्यांच्याशी. ट्रेनरचं चांगलं आहे, पळणाऱ्याला तशी सोय नाही. ट्रेडमिलला घरात जागा नाही, आणि असती तर त्यावर कपडे वाळत पडले असते.

कॅम्पातला_वाटसरू

जॉगिंग स्ट्रोलर घ्या की, ढकलत पळायची बाबागाडी. तीन मोठी चाकं, पुढचं चाक लॉक होतं, हाताला पट्टा. वीस महिन्यांचं मूल आरामात बसतं. माझी बहीण बाहेरदेशी तशीच पळते, पोरगं झोपून जातं म्हणे.

तिसरं_गेट

@कॅम्पातला_वाटसरू, कॅम्पात राहता म्हणून सुचलं तुम्हाला! तिकडं रस्ते रुंद, सावली, रहदारी कमी. आमच्या गल्लीतून काँग्रेस रोडला येईपर्यंत जेवढे स्पीडब्रेकर आणि खोदलेले चर आहेत त्यात पोरगं झोपायचं सोडा, जेवलेलं बाहेर काढेल. किल्ला तलावाच्या कडेनं एकदा कुणाची तरी मागून आणून बघते मात्र.

सरळसोट

स्पष्ट बोलतो. एवढ्या लहान पोराला टाकून ४२ किलोमीटर पळायची कुणी सक्ती केलीय का? पदकं नंतरही मिळतात. पोरांचं बालपण परत येत नाही.

कुंदाप्रेमी

@सरळसोट, प्रश्नातली शेवटची ओळ वाचली नाही वाटतं. २०० ची सायकल मारणाऱ्या बापाला तुम्ही काही बोलला नाहीत, तेही नोंदवून ठेवतो.

ताई, जस्मिन पॅरिसचं नाव ऐकलंय का? जानेवारी २०१९ ला इंग्लंड-स्कॉटलंडमधली स्पाइन रेस, २६८ मैल, बर्फातली. ८३ तास १२ मिनिटांत तिनं जिंकली, पुरुष धरून सगळ्यांत पहिली. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची, अंगावर पिणारी, आणि ही वाटेतल्या चौक्यांवर थांबून दूध काढत होती. पावला रॅडक्लिफ २००७ च्या जानेवारीत बाळंत झाली आणि त्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. होतं सगळं. मनावर घ्या फक्त!

तिसरं_गेट

@कुंदाप्रेमी, वाचलंय मी तिच्याबद्दल, अंगावर काटा आला होता. पण खरं सांगू का, अशा गोष्टी वाचल्या की मला बळ कमी आणि अपराधी जास्त वाटतं. तिच्या चौकीवर मदतीला माणसं. माझ्या चौकीवर सासूबाई, कुकर आणि "बाईसाहेब आल्या पळून" म्हणणारे शेजारी. मनावर घेतलेलंच आहे हो. घड्याळ ऐकत नाही.

उचगाव_सुभेदार

ताई, मी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालो, आता उचगावला शेती बघतो. फौजेत होतो तेव्हा पळणं हे ड्युटीतच होतं, त्यामुळं तुमच्यासारखी कसरत आम्हाला करावी लागली नाही. कसरत सगळी घरच्या बाईनं केली. असो.

दोन कामाच्या गोष्टी सांगतो. पहिली. सलग ३२ करायचा हट्ट धरू नका. आदल्या संध्याकाळी ८-१० आणि सकाळी २०-२२ असं जोडून पळा. दमलेल्या पायांवर दुसऱ्या दिवशी पळायचं कळलं की शेवटच्या दहा किलोमीटरचा सराव आपोआप होतो. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीला लागतो, पाय मोडून आलेले असतात तेव्हा. चढ काही मोठा नाही, आपल्या राजहंसगडापुढं तर काहीच नाही, पण वेळ वाईट.

दुसरी. तुम्ही खानापूरहून बसनं येता. आठवड्यातून एक-दोनदा मच्छेला किंवा पिरनवाडीला उतरून घरापर्यंत पळत या. कर्नाटकच्या शक्ती योजनेत तुम्हा बायकांना २०२३ पासून तिकीटच नाही, मध्येच उतरलं म्हणून पैसे वाया जायचा प्रश्न नाही. पहाटेचा एक दिवस वाचेल, तेवढी झोप मिळेल. अंधारात मात्र त्या रस्त्यानं नको, ट्रकवाले बघत नाहीत. पिशवी पाठीला घट्ट बसणारी घ्या.

तिसरं_गेट

काका, नमस्कार. बसमधून उतरून पळायचं खरंच सुचलं नव्हतं. शाखेतून साडेपाचला सुटले तर मच्छेला येईपर्यंत नोव्हेंबरात काळोख होतो, पण पिरनवाडीहून उद्यमबागेच्या आतल्या रस्त्यानं येता येईल. साडी नसते त्या दिवशी बघते. डबा आणि चार्जर घेऊन पळायचं म्हणजे मागं खुळखुळा.

निपाणीच्या_पीटी_बाई

मी निपाणीला शाळेत खेळ शिकवते. पहिली फुल मॅरेथॉन धाकटा तीन वर्षांचा असताना केली, आता तो पाचवीत आहे आणि मला मागं टाकतो. तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले होते, पण सगळ्यांची उत्तरं येऊ दिली.

तू पळायच्या तासांचा हिशेब मांडतेस, सगळेच तसा मांडतात. पण तुझ्या पोरीनं तुला जे सांगितलं ते पळण्याबद्दल नाहीच. आई पळायला जाते असं ती म्हणाली नाही, आई झोपते असं म्हणाली. तू पाच ते नऊ नसतेस तेव्हा ती अर्धा वेळ झोपलेली असते, तिला तुझी उणीव भासत नाही. भासते ती अकरा ते चार. म्हणजे बसवायची आहे ती तुझी झोप. पळणं कुठंही बसेल.

आता बघ. तू बँकेत आहेस. २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. मुलीची शाळा शनिवारी सकाळची असेल, आपल्याकडं बहुतेक शाळांची असते. मग लांबचं पळणं रविवारी कशाला? त्या दोन शनिवारी सहाला निघ, नऊच्या आत घरी ये. पोरीला शाळेला धाडायचं काम घरातलं कुणीही करेल. आल्यावर अंघोळ, पोटभर जेवण, आणि धाकट्याची सकाळची झोप असते त्यावेळी त्याला कुशीत घेऊन सरळ झोप. साडेअकराला मुलगी दप्तर टाकेल तेव्हा तू उठून बसलेली हवीस. आणि रविवार अख्खा मोकळा. त्या दिवशी बूट कपाटात. अर्धा तास हलकं पळून येते, असंही नाही. मुलांना अर्धा तास आणि चार तास यातला फरक कळत नाही, आई निघाली एवढंच कळतं.

मधल्या शनिवारी, जेव्हा बँक चालू असते, तेव्हा लांब पळायचंच नाही. पंधरा दिवसांतून एकदा मोठं पळणं पुरतं, मधल्या आठवड्यात एकदा पहाटे १२-१४ करून भागव. डिसेंबरचा चौथा शनिवार शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी येतो, शेवटचं मोठं पळणं तिथं. त्यानंतर कमीच करत जायचं असतं.

३२ चं भूतही उतरव डोक्यातून. साडेसातच्या वेगानं ३२ म्हणजे चार तास. चार तास पळणाऱ्या नवख्या माणसाला मिळतं थोडं आणि भरून यायला लागतो आठवडा. काही जाणते प्रशिक्षक तर सरावात अडीच तासांच्या पुढं जाऊच देत नाहीत. तू तीन तासांवर थांब, २४ होतात. सुभेदारकाका म्हणतात तसं आदल्या संध्याकाळी आठ जोड. त्यात तुझी शुक्रवारची बस येतेच.

आता खाण्याचं. तू पळताना काय घेतेस ते लिहिलं नाहीस, आणि बायका लिहीत नाहीत म्हणजे काही घेत नाहीत. नुसत्या लिंबूपाण्यावर तीन तास पळालीस तर दुपारी चटईवर पडशीलच, त्यात पोरगं अंगावर पितंय. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, पहिल्या पाऊण तासापासूनच. महागडी एनर्जी जेल घ्यायलाच हवी असं नाही. आपल्या जिल्ह्यात रताळ्यांना तोटा आहे का? शंभर ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात सतरा-अठरा ग्रॅम मिळतात. सोलून, मीठ लावून, बोटाएवढे तुकडे डबीत. मी त्याबरोबर गूळ आणि आलेपाकाची वडी ठेवते. पोटाला काय मानवतं ते सरावातच ठरव, मुंबईत प्रयोग नको. इथल्या थंडीतून तिथल्या दमट हवेत जाशील, घाम दुपटीनं येईल, तेव्हा मिठाची सवयही आत्ताच कर. नऊला उन्हात परत येतेस तेही त्या दृष्टीनं बरंच आहे.

दूध. निघायच्या आधी पाजून निघ, तुलाच हलकं वाटेल. बेताच्या व्यायामानं दूध आटत नाही, घरातल्या बायका काहीही सांगोत. आधार देणारी चांगली ब्रा मात्र बुटांइतकीच महत्त्वाची, तिथं काटकसर करू नको. रक्त तपासून घे, आणि नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरीटिनही (अंगातला लोहाचा साठा) कर. हिमोग्लोबिन बरं दिसतं आणि साठा रिकामा असतो, असं बायकांत नेहमी दिसतं. मग माणूस आळशी ठरतो. आणि एक, जे कुणी विचारत नाही: पळताना, खोकताना लघवी सुटते का? सुटत असेल तर "बाळंतपणानंतर होतंच" म्हणून गप्प बसू नको. त्यावर फिजिओकडं व्यायाम असतात आणि त्यांनी फरक पडतो.

रात्री पोरगं तीनदा उठलं असेल तर त्या पहाटे पळू नको. झोप नसली की तोच वेग जड लागतो, अंगाला फायदा थोडा, चिडचिड दिवसभर. आणि ती निघते पोरांवरच. तक्त्यात एक दिवस गाळला म्हणून कुणाची मॅरेथॉन बुडालेली मी पाहिली नाही.

@सरळसोट, तुम्ही विचारलं म्हणून नाही, मला सांगावंसं वाटतं म्हणून. माझ्या वर्गात मुली येतात, सातवी-आठवीत गेल्या की मैदानाच्या कडेला बसतात. ज्यांची आई काही खेळते, निदान पहाटे चालायला जाते, त्या सहसा बसत नाहीत.

तिसरं_गेट

बाई, तुमचं उत्तर नवऱ्याला वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे रविवारी मला सकाळी उठायचं नाही?" एवढ्यावरून कळलं की पोरांकडं बघायला ते तयार होते पण रविवारी पाचला उठायला मनातून नव्हते. हे मला कधी बोलले नाहीत.

मुलीची शाळा शनिवारी सकाळचीच आहे, पावणेआठ ते साडेअकरा. रिक्षावाले मामा दारातून नेतात. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात हे पहाटेच जातात, तेव्हा डबा भरून ठेवून मी निघायचं आणि मुलीला रिक्षात बसवायचं काम वरच्या मजल्यावरच्या काकींनी करायचं, असं ठरलंय. काकी लगेच हो म्हणाल्या, बदल्यात त्यांचं बँकेचं काम आता मी घरबसल्या करायचं. पासबुक भरून आणणे, दुसरं काय. सध्या दसऱ्याच्या सुट्टीमुळं शाळाच बंद आहे, त्यामुळं हे सगळं सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या शनिवारपासून.

एक अडचण राहते. सासूबाई. त्यांचं म्हणणं, शनिवारी मारुतीचा वार, सकाळी देवळात जायचं असतं, पोराला घेऊन कशी जाऊ? गुडघे आणि वीस महिन्यांचं पोर, खरंच नाही जमणार. संध्याकाळी मी स्कूटरवरून नेते म्हटलं. त्यावर "बघूया" आलंय. आमच्याकडं "बघूया" म्हणजे बऱ्यापैकी होकार असतो.

लिंबूपाण्याचं तुम्हाला कसं कळलं देव जाणे. रताळी आणलीत. धाकट्यानं त्यातलं निम्मं संपवलं.

जेवढं पटलं नाही तेही सांगते. रविवारी अजिबात पळायचं नाही, हे मला जड जाईल. मुलगी म्हणतेय तिला माझ्याबरोबर व्हॅक्सिन डेपोला यायचंय. ती पळते शंभर मीटर, मग पानं गोळा करते, मग मी तिच्याभोवती गोल गोल. त्याला मी पळणं धरत नाही, पण बूट लागतात. तेवढी सूट घेणार.

२६ चं २४ झालं आणि तेही किल्ल्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे शनिवारी. रविवारी माती मळायला मी हजर. खाली बसून उठताना मांड्या बोलणार, ते सहन करू.

आता शेवटचा प्रश्न. शनिवारी सहाला निघायचं तर टिळकवाडीतून अनगोळ, येळ्ळूर रस्ता धरावा की कॅम्पातून हिंडलगा, सुळगा? येळ्ळूर रस्त्याला चढ मिळतो पण पहाटे सामसूम असते, एकटीला जरा धास्ती वाटते. कुणी बाई येणारी आहे का सोबत?

उचगाव_सुभेदार

हिंडलगा, सुळगा धरा. वेंगुर्ला रस्त्याला पहाटेपासून दूधवाले, भाजीवाले असतात, माणसांची जाग असते. सुळग्याच्या पुढं आलात तर फोन करा, उचगाव फाट्यावर पाणी आणि ताक घेऊन उभा राहतो. येळ्ळूर रस्ता सोबत असेल तेव्हाच. कुत्र्यांसाठी हातात काठी नको, काठी बघून जास्त अंगावर येतात. थांबायचं, पाठ दाखवायची नाही, हळूहळू चालत पुढं व्हायचं.

वडगावची_धावपटू

मी येते. हाफ करतेय यंदा, त्यामुळं बारा-चौदापर्यंत साथ देईन, पुढं तुम्ही आणि सुभेदारकाकांचं ताक. माझा वेग आठचा आहे, चालेल का? माझाही एक आहे साडेतीन वर्षांचा, पण तो आज्जीकडं झोपतो, तेव्हा सहाला यायला अडचण नाही.

तिसरं_गेट

आठचाच हवाय, शनिवारी घाई करायची नाही. रेल्वेच्या दुसऱ्या गेटजवळ सहाला भेटू. नंबर मेसेजमध्ये पाठवते. पोरगा रात्री फार उठला तर मी येणार नाही, पाचपर्यंत कळवेन, वाट बघत थांबू नका.